इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या इनमध्ये एक रात्र : आई-बाबांना न्यावं का?

नदीपलीकडे
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे रेडिंगला येतायत. लंडन, विंडसर, बाथ हे मागच्या खेपेला झालं. या वेळी त्यांना कुठल्या तरी जुन्या गावात, खरोखरच्या जुन्या इनमध्ये एका रात्रीच्या मुक्कामाला न्यायचं मनात आहे. लाकडी तुळया, दगडी चूल, खाली पब आणि वर खोल्या, असं.

नवरा म्हणतो, सकाळी गाडीने जाऊ, गाव बघू, रात्री घरी झोपू. मला ते पटत नाही. कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातली गावं दिवसा पर्यटकांनी इतकी भरलेली असतात की आपण फक्त गर्दी बघून परत येतो. संध्याकाळी पाचनंतर बस निघून जातात आणि मग गावातली माणसं कुत्री घेऊन बाहेर पडतात. पबमध्ये ओळखीपाळखीच्या गप्पा सुरू होतात. ते बाबांनी बघावं असं फार वाटतं. बाबा निवृत्त इतिहासशिक्षक आहेत, त्यांना नुसती इमारत दाखवून भागत नाही, तिथे कोण आलं, का आलं, सगळं लागतं.

अडचणी तीन. आई शुद्ध शाकाहारी. बाबांचे गुडघे. आणि खर्च. कोणी आई-वडिलांना घेऊन असा मुक्काम केलाय का? कुठे?

चहाबाज
आधी हे सांगा, आईंना अंडं चालतं का? पुढची निम्मी उत्तरं त्यावर आहेत.

नदीपलीकडे
केकमधलं चालतं. दिसलेलं चालत नाही. :)

चहाबाज
आमच्या घरीही हाच कायदा आहे. मग जमेल.

वीकेंडवाला
मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. एका रात्रीचे दीडशे-दोनशे पौंड मोजून वाकडी जमीन, करकरणारे जिने आणि एवढीशी खिडकी मिळते. तेवढ्या पैशात हमरस्त्यावरच्या साध्या हॉटेलात दोन खोल्या मिळतात, लिफ्टसकट. आई-बाबांना आराम हवा असतो, इतिहास दिवसा बघता येतो. आम्ही सासू-सासऱ्यांना अशाच एका जुन्या ठिकाणी नेलं होतं, नाव घेत नाही. खोली बारच्या बरोब्बर वर. अकरा वाजेपर्यंत खालचा गलका आणि त्यानंतर दर तासाला चर्चचं घड्याळ. सासरे पहाटे चार वाजता आवरून बसले होते.

सॉमरसेटकर
वीकेंडवाला, बारच्या वरची खोली मिळाली हे वाईट झालं, पण ते फोन करून टाळता येतं. जुन्या इमारतीवर राग नको.

धागाकर्तीच्या बाबांसाठी माझं पहिलं नाव : नॉर्टन सेंट फिलिप गावातलं ‘द जॉर्ज’. बाथच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. चौदाव्या शतकात जवळच्या हिंटन इथल्या कार्थुझियन या ख्रिस्ती पंथाच्या मठातल्या साधूंनी ते उभारलं. साधूंना इन कशाला लागतं? तर लोकरीसाठी. मठाच्या मेंढ्या होत्या, गावात लोकरीची आणि कापडाची मोठी जत्रा भरायची, व्यापारी लांबून यायचे. माल ठेवायला जागा हवी आणि माणसांना उतरायलाही. त्यामुळे खालचा मजला दगडी आणि वरचे मजले लाकडी चौकटीचे, रस्त्यावर पुढे झुकलेले. वर माल साठवायचे. समोर उभं राहून नीट बघितलं की एकाच इमारतीत गोदाम आणि सराई दोन्ही दिसतात.

१६६८ च्या जूनमध्ये नौदलाचे कारभारी सॅम्युअल पेपिस बायको-नोकरांसह बाथला जाताना या गावात थांबले. रोजनिशीत त्यांनी जेवण चांगलं झालं आणि दहा शिलिंग पडले असं टिपलंय, चर्चमधल्या घंटांचंही कौतुक केलंय. त्याच दिवसाची नोंद सुरू होते ती आदल्या रात्रीच्या मुक्कामावरून : बिछाने चांगले होते पण उवा होत्या, आणि त्यावर सगळे हसले! तेव्हा आत्ताच्या तक्रारी तशा सौम्यच म्हणायच्या.

पुढे १६८५ मध्ये दुसऱ्या चार्ल्सचा अनौरस मुलगा ड्यूक ऑफ मॉन्मथने राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध बंड केलं, त्या वेळी त्याचा तळ याच इनमध्ये पडला होता. २७ जूनला गावातच चकमक झाली. दहाएक दिवसांत सेजमूरच्या लढाईत बंड मोडलं आणि १५ जुलैला लंडनमध्ये मॉन्मथचा शिरच्छेद झाला. ज्या गावकऱ्यांनी त्याला साथ दिली त्यांच्यावर नंतर न्यायाधीश जेफ्रीजने जे खटले चालवले ते इथे अजून ‘रक्तरंजित न्यायसत्र’ म्हणूनच ओळखले जातात. बाबांना हे सगळं जेवणाच्या टेबलावर सांगता येईल.

नकाशावाली
लेकॉक! विल्टशरमधलं. जवळजवळ अख्खं गाव नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचं आहे, टॅलबट घराण्यातल्या मटिल्डा टॅलबट यांनी १९४४ मध्ये देऊन टाकलं. रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत, घरांवर अँटेना नाहीत. टीव्ही-चित्रपटवाले सारखे तिथे का येतात ते पोचल्या पोचल्या कळतं.

गावात ‘साइन ऑफ द एंजल’ नावाचं पंधराव्या शतकातलं इन आहे, मोजक्याच खोल्यांचं. पण जेवायला ‘जॉर्ज’मध्ये जा (हे दुसरं जॉर्ज, इंग्लंडात जॉर्ज पावलोपावली आहेत). तिथे मोठ्या चुलीशेजारी एक लाकडी चाक आहे. त्या चाकात लहानखुरं, आखूड पायांचं कुत्रं पळवायचे आणि त्याच्या पळण्याने चुलीवरची मांसाची सळई फिरायची. त्या कामासाठी कुत्र्यांची वेगळी जातच होती. सळई फिरवायची यंत्रं आली आणि ती जात नामशेष झाली. माझी मुलगी त्या चाकापुढून हलायला तयार नव्हती.

बाबांसाठी : लेकॉकच्या जुन्या मठाच्या इमारतीतली ती छोटी जाळीची खिडकी जरूर दाखवा. १८३५ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी तिचं छायाचित्र घेतलं. आज जपून ठेवलेली सर्वांत जुनी फोटो-निगेटिव्ह ती.

जुना_दस्तऐवज
दोन्ही सुचवण्या उत्तम. एक सावधगिरी सांगतो. ‘इंग्लंडमधलं सर्वांत जुनं इन’ ही पाटी फार ठिकाणी आहे. स्टो-ऑन-द-वोल्डमध्ये एक इन इ.स. ९४७ सांगतं, नॉटिंगहॅममधलं एक ११८९ भिंतीवर रंगवून बसलंय, सेंट ऑल्बन्समधलं आणखी मागे जातं. बहुतेक वेळा ते साल जागेचं असतं, किंवा तळघराचं, किंवा नुसत्या आठवणीचं. इमारत पुष्कळ नंतरची निघते. राय गावातल्या ‘मर्मेड इन’ची पाटी मला म्हणूनच आवडते, ती ‘१४२० मध्ये पुन्हा बांधलं’ एवढंच म्हणते. तळघर त्याहून जुनं आहे तरी.

तसंच अमुक राजा या खोलीत झोपला होता याचं. कॉट्सवोल्ड्समधल्या ब्रॉडवे गावच्या ‘लायगन आर्म्स’मध्ये पहिला चार्ल्स राहिला असं सांगतात आणि १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईच्या आदल्या रात्री राजाविरुद्ध लढणारा सेनापती क्रॉमवेलही. दोघांच्या नावाने खोल्या आहेत. परंपरा म्हणून ऐकावं.

पण नावांच्या पाट्यांकडे मात्र बाबांचं लक्ष वेधा. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या काळात दारू विकणाऱ्यांना बाहेर खूण लावणं सक्तीचं झालं, कारण तपासनिसाला दुकान ओळखू यायला हवं. लोकांना वाचता येत नव्हतं म्हणून चित्र. ‘व्हाइट हार्ट’ म्हणजे पांढरं हरीण हे त्याच रिचर्डचं स्वतःचं चिन्ह. ‘रॉयल ओक’ दिसलं की समजायचं, वूस्टरला हरल्यावर दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलला ओकच्या झाडात लपला होता त्याची आठवण. गाडीतून जाताना नुसत्या पाट्या वाचत गेलं तरी राजघराण्यांची उजळणी होते.

वीकेंडवाला
हे आवडलं. पाट्या मात्र चालत्या गाडीतून फुकट वाचता येतात, एवढं नोंदवतो. :)

चहाबाज
गुडघ्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, माझ्या आईमुळे हा अभ्यास झालाय.

या इमारती संरक्षित यादीत असतात. भिंत हलवायची, खिडकीला दुहेरी काच लावायची, लिफ्ट बसवायची, प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते आणि बऱ्याचदा मिळत नाही. म्हणजे जिना अरुंद आणि चढाचा, तुळई कपाळाच्या उंचीवर, दोन खोल्यांच्या मध्येच एखादी पायरी. वेबसाइटवरच्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

उपाय : जिथे घोडागाड्या थांबायच्या त्या इनना मागे अंगण आणि पागा असते. समोरची उंच कमान गाडी आत यायला ठेवलेली. बऱ्याच ठिकाणी त्या पागेच्या आता तळमजल्यावरच्या खोल्या केल्यात. दारापर्यंत गाडी जाते, बारचा आवाज येत नाही, न्हाणीघर नवं असतं. आई-बाबांना तिथेच घ्या.

दुसरं, न्हाणीघर विचारून घ्या. रोमँटिक खोल्यांत पाय असलेला जुन्या घाटाचा टब असतो आणि शॉवर नसतोच. टबात पाय टाकून चढणं गुडघ्यांना जमत नाही. ‘वॉक-इन शॉवर’ आहे का हे स्पष्ट विचारा. आणि घरून एक प्लास्टिकचा मग न्या, आई दुवा देतील.

तुळईप्रेमी
पागेत झोपायचं तर इनमध्ये राहिल्याचं समाधान कसं मिळणार? तुळया नाहीत, चूल नाही, चार खांबांचा पलंग नाही. पागेतली खोली म्हणजे शेवटी नवी खोलीच. बाबांना वरच्या जिन्याच्या पंधरा-वीस पायऱ्या एकदा चढू देत की, सावकाश.

चहाबाज
तुळईप्रेमी, माफ करा, पण इथे मी हटणार नाही. दिवसातून एकदा चढणं होत नाही ते. चष्मा वर राहिला, गोळ्या वर राहिल्या, शाल वर राहिली, असं करत सहा वेळा होतं.

सॉमरसेटकर
आणि पागा दुय्यम कशी? १७८४ च्या ऑगस्टमध्ये बाथच्या जॉन पामर यांनी ब्रिस्टल ते लंडन टपालगाडी सुरू केली. सुमारे सोळा तासांत लंडन. हा वेग कुठून आला? ठरावीक अंतरावरच्या इनमध्ये ताजे घोडे जुंपून तयार ठेवलेले असत. काही मिनिटांत अदलाबदल आणि गाडी पुढे. वरच्या खोल्यांत एखादा उमराव उतरे, पण अख्खं इन चालायचं ते पागेवर. १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे पुरी झाली आणि या रस्त्यावरच्या पागा रिकाम्या पडल्या. पुष्कळ इन तेव्हाच बंद झाली. जी टिकली ती आज आपण बघतो. बाबांना हे सांगून पागेत झोपवा, त्यांना वाईट वाटणार नाही.

पळीपंचपात्र
आता जेवण. वीस वर्षं इंग्लंडात शाकाहारी राहून जे कळलं ते लिहिते.

चिप्स कशात तळतात ते विचारा. काही जुन्या पबमध्ये अजून गाईच्या चरबीत तळतात. सूप भाज्यांचं असलं तरी खालचं पाणी कोंबडीचं असू शकतं. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतं, पण ते तुमच्या आईंच्या ‘न दिसलेल्या’ अंड्यात बसतं बहुतेक. मशरूम रिसोटो, बकरीच्या चीजचा टार्ट, रविवारी नट रोस्ट (सुक्या मेव्याचा भाजलेला वडीसारखा पदार्थ), हे तीन पदार्थ सगळीकडे सापडतात. परमेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, आई तेवढं पाळत असतील तर नको म्हणून सांगा. शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग. यावर कोणाचं दुमत होऊ शकत नाही.

सकाळी ब्रेकफास्टला शाकाहारी म्हणून सांगितलं की टोस्ट, बीन्स, मशरूम, भाजलेला टोमॅटो मिळतो. तवा वेगळा ठेवा असं आदल्या रात्री सांगून ठेवलं तर बहुतेक ठिकाणी आनंदाने ठेवतात.

नदीपलीकडे
फारच कामाचं. आणि आईचा गुरुवारचा उपास असतो...

पळीपंचपात्र
भट्टीत भाजलेला अख्खा बटाटा, वर लोणी. पब त्यासाठीच आहेत म्हणा ना! शिवाय खोलीत किटली असते. साखर-दूध तिथे मिळतं, चहापत्ती आणि आलं आपलं न्या, त्यांच्या पिशव्यांचा चहा आईंना चढणार नाही.

बटाटावडा_मँचेस्टर
खोलीत पापड मात्र भाजू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने इस्त्रीवर प्रयोग केला. पाचशे वर्षं जुनी इमारत, लाकडी, त्यामुळे धुराची घंटा अतिशय तत्पर. रात्री दहाला अख्खं इन अंगणात, नाइट ड्रेसवर. मालकीणबाई हसत होत्या हे आमचं नशीब. दुसऱ्या दिवशी त्यांना पापडाचं पाकीट दिलं.

जुना_दस्तऐवज
इन हा विषय निघालाय तर एक गोष्ट सांगायलाच हवी, क्रिकेटवाल्यांनी विशेष वाचावी. इंग्लंडच्या रूढ कायद्यात इनच्या मालकावर फार जुनं बंधन आहे. दारात आलेला वाटसरू पैसे द्यायला तयार आहे आणि खोली रिकामी आहे, तर सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. रात्री रस्त्यावर चोर-दरोडेखोर, त्यामुळे आसरा नाकारणं म्हणजे जिवाशी खेळ.

१९४३ मध्ये वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवर सामना खेळायला कुटुंबासह लंडनला आले. रसेल स्क्वेअरमधल्या हॉटेलात आगाऊ बुकिंग होतं. तरी एकच रात्र राहा आणि जा असं सांगण्यात आलं, कारण तिथल्या गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांना चालणार नाही. वर्णभेदाविरुद्ध कायदा तेव्हा नव्हताच, तो १९६५ मध्ये आला. कॉन्स्टंटाइन यांनी दावा लावला तो या जुन्या इनच्या नियमावर, आणि १९४४ मध्ये जिंकले. भरपाई फक्त पाच गिनी (सव्वापाच पौंड), पण निकाल मोठा. आपल्यासारखी माणसं आज कुठल्याही खेड्यातल्या इनमध्ये बिनधोक दार ढकलून आत जातात, त्यामागे या माणसाचा हट्ट आहे.

नकाशावाली
हे ठाऊक नव्हतं. मुलीला वाचून दाखवलं.

कात्रज_ते_नागोया
थोडं अवांतर, पण चुलतभावाची गोष्ट. जपानमध्ये नाकासेन्दो या एदो (आजचं टोकियो) ते क्योतो जुन्या रस्त्यावर ६९ मुक्कामाची गावं होती. त्यातल्या मागोमे ते त्सुमागो हा साधारण आठ किलोमीटरचा टप्पा आजही चालत जाता येतो, वाटेत अस्वलांसाठी वाजवायच्या घंटा टांगलेल्या आहेत. त्सुमागोच्या गावकऱ्यांनी १९७१ मध्ये ठराव केला : घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. त्यामुळे लाकडी सराया तशाच उभ्या आहेत. जेवण संध्याकाळी सहाला म्हणजे सहाला. पण शाकाहाऱ्यांना अवघड, जवळजवळ प्रत्येक रश्श्यात वाळलेल्या माशांचं पाणी. आणि झोपायचं जमिनीवर, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न तिथेही आहेच.

देशावरचा
हे सगळं वाचून खंत वाटते. आपल्याकडे पाचशे वर्षं चालू असलेलं असं एकही ठिकाण का नाही? गावोगावी माणसं प्रवास करत होतीच ना?

पळीपंचपात्र
होती, पण आपली सोय वेगळ्या वाटेने गेली. आपल्याकडे प्रवाशाला आसरा देणं हे पुण्यकर्म. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. मुक्काम फुकट. जेवण आपलं आपण, शिधा बरोबर आणि तीन दगडांची चूल. कारण दुसऱ्याच्या हातचं कोणी खायचं आणि कोणी नाही याचे जातीचे नियम कडक. जिथे एका टेबलावर सगळे बसून जेवूच शकत नाहीत तिथे इंग्लंडसारखं इन उभं राहणार कसं? आणि धर्मशाळेतही सगळ्यांना प्रवेश होता असं नाही, हे विसरू नये. कॉन्स्टंटाइनची गोष्ट वाचताना मला तेच आठवत होतं.

देशावरचा
मुद्दा मान्य. तरी सराया होत्या. अजिंठ्याच्या पायथ्याला फर्दापूरची मोगलकालीन सराई आहे, केवढं तरी अंगण, चारही बाजूंनी खोल्या. लेणी बघणारे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिथे नीट डागडुजी करून दहा खोल्या जरी चालू केल्या तरी मी पहिला पाहुणा.

तुळईप्रेमी
मी दुसरा.

घाटावरची
मंडळी, धागाकर्तीच्या बाबांना इतिहास हवाय आणि मराठी माणसाच्या सगळ्यात जवळचा पत्ता अजून कोणी दिला नाही! लंडन पॅडिंग्टनहून जी गाडी किंघम, मॉरटन-इन-मार्श करत जाते, त्या पट्ट्यात मुक्काम करा. किंघमजवळ डेल्सफर्ड नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्जचं थडगं आहे. होय, तोच. वडगावला १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रज फौजेला गुडघे टेकायला लावले तेव्हा कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता तो, आणि १७८२ चा सालबाईचा तह महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झाला तोही त्याच्याच काळात. डेल्सफर्ड हे त्याच्या वाडवडिलांचं गाव, जमीन हातची गेलेली. भारतातून परतल्यावर १७८८ मध्ये त्याने ती पुन्हा विकत घेतली आणि घर बांधलं. मेला १८१८ मध्ये. पेशवाई बुडाली त्याच साली.

तिथून थोड्याच मैलांवर सेझिनकोट. कंपनीच्या नोकरीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलने भावाकडून बांधून घेतलेलं घर, वर तांब्याचा हिरवट घुमट, मोगली धाटणीच्या कमानी. बागेत सूर्याचं देऊळ आणि पुलाच्या कठड्यावर नंदी! ब्राइटनच्या राजवाड्याला पुढे भारतीय वळण मिळालं ते हे बघून. ठरावीक दिवशीच उघडं असतं, तपासून जा.

माझे वडील हेस्टिंग्जच्या थडग्यासमोर बराच वेळ उभे होते. मग संध्याकाळी इनमध्ये चुलीशेजारी बसून पानिपतापासून सालबाईपर्यंत सगळं सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ खुर्ची सरकवून ऐकायला आले आणि त्यांनी इतके नेमके प्रश्न विचारले की बाबा खूश. दिवसात जाऊन परत आलो असतो तर ही संध्याकाळ मिळाली नसती.

वीकेंडवाला
घाटावरची, शेवटचा परिच्छेद वाचून मी विरोध मागे घेतो. थडगं, नंदी आणि इन हे एका दिवसात होणार नाही.

नदीपलीकडे
ठरलं! बाबांना फोनवर फक्त ‘हेस्टिंग्ज’ म्हटलं आणि त्यांनी वडगावच्या तहाची कलमं सांगायला सुरुवात केली. स्टोच्या आसपासच्या एका इनमध्ये बघतेय. नॉर्टन सेंट फिलिप पुढच्या वेळी नक्की, सॉमरसेटकर. रविवारची रात्र स्वस्त दिसतेय, जवळजवळ निम्म्या दरात. घेऊ ना?

चहाबाज
थांबा. रविवारी दुपारचं रोस्ट संपलं की पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. संध्याकाळी नुसते चिप्सचे पुडे. सोमवारी तर काही पब उघडतच नाहीत. गावात दुसरं काही नसतं आणि रात्री टॅक्सी मिळत नाही. मधला वार घ्या, दर तेव्हाही बरे असतात. जेवणाचं टेबल खोलीबरोबरच राखून ठेवा, शेवटची ऑर्डर नऊच्या आत घेतात.

नकाशावाली
आणि मधल्या वारी एखाद्या संध्याकाळी चर्चमध्ये घंटावादनाचा सराव असतो. झोपायच्या आत आटोपतो, काळजी नको. दार उघडं असेल तर आत जाऊन विचारा, बघू देतात.

नदीपलीकडे
आज फोन केला. बाई फार प्रेमाने बोलल्या. आई-बाबांना मागच्या अंगणात पागेतली तळमजल्याची खोली, वॉक-इन शॉवरसह. आम्हाला वर, तुळयांखाली. मिळालेला वार नेमका गुरुवार, तेव्हा बटाट्याचंही विचारून घेतलं. मेनूत नाही, पण करून देऊ म्हणाल्या, लोणी किती घालू एवढंच विचारलं. सेझिनकोटचे दिवस जुळतात का ते आता बघते. डेल्सफर्डच्या चर्चपाशी गाडी लावायला जागा आहे का, घाटावरची?

घाटावरची
रस्त्याच्या कडेला दोन-तीन गाड्यांपुरती. सकाळी लवकर जा. आणि बाबांना छत्री द्या, थडग्यापाशी आडोसा नाही.